गजभिये सरांची तोंडी परीक्षा

देवीदास गजभियेंना कुणी विचारलं, तुम्ही काय करता, की ते सांगत, "विद्यापीठात मराठी शिकवतो." जबलपुरात यावर समोरचा हमखास म्हणतो, "अच्छा! और?" म्हणजे ते झालंच हो, पण पोटापाण्याला काय करता? बावीस वर्षं सर हा 'और' ऐकत आले होते आणि बावीस वर्षं त्यांच्या डोक्यात तिडीक जात होती. और काय और? माणसानं भाषा शिकवावी आणि वर पापडही लाटावेत की काय!

वडील भंडाऱ्याहून येऊन तोफगाड्यांच्या कारखान्यात लागले आणि रांझीला घर करून राहिले. देवीदास नागपूरला जाऊन मराठीत एम.ए. झाले, तेही पहिल्या वर्गात, आणि परत येऊन विद्यापीठाच्या संध्याकाळच्या मराठी प्रमाणपत्र वर्गाला चिकटले. वर्षभराचा अभ्यासक्रम, आठवड्यातून तीन दिवस, शिकवणारे ते एकटे. नेमणूक तासिकेवर, पण पदाचं नाव कसं भारदस्त: 'अतिथी विद्वान'. अहो, पाहुण्याला निदान कुणी 'बसा' तरी म्हणतं. सरांना बसायला खुर्ची शेजारच्या वाणिज्य विभागातून स्वतः उचलून आणावी लागे.

तरी त्या वर्गात त्यांचा जीव होता. इंदू, त्यांची बायको, चार वर्षांपूर्वी गेली. घरात ते आणि मुलगी राखी, आणि घराबाहेर हा वर्ग. एवढ्यातच त्यांचं सगळं मराठी बोलणं. बाकी दिवसभर हिंदी, दूधवाल्यापासून कुलगुरूंपर्यंत. वर्गाला मुलं येत ती मराठी घरांतलीच. कुणी चेरीतालच्या जुन्या घरांतलं, ज्यांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात इकडे चाकरीला आले. कुणी सराफ्यात दागिने घडवणाऱ्याची मुलगी. कुणी पनागरच्या बँकेत बदलून आलेल्याचा मुलगा. कुणी रांझीच्या कारखान्यातल्यांचं. मराठी सगळ्यांना कळे, आजीच्या शिव्यांसकट कळे. बोल म्हटलं की मात्र सगळे खिडकीबाहेर पाहत.

गेल्या वर्षी सातच मुलं पास झाली आणि उन्हाळ्यात सरांच्या हातात विद्यापीठाचं पत्र पडलं. लागोपाठ दुसऱ्या वर्षी दहाच्या आत विद्यार्थी उत्तीर्ण झाले, तर वर्ग बंद. बस, दोन ओळी. सरांच्या तोंडचं पाणीच पळालं. भर जूनच्या उन्हात ॲक्टिवा काढून ते घरोघर फिरले, सरबतं प्यायले, "पोराचं नाव टाका हो, आपली भाषा आहे," म्हणत विनवण्या केल्या. नऊ नावं मिळाली. दहावं काही केल्या मिळेना. शेवटी घरी येऊन चपला काढता काढता म्हणाले, "राखी, फॉर्म भर."

राखी एम.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. "मैं? पापा, मुझे तो आती है मराठी."

"येते ना? मंग काय बिघडलं? भर."

म्हणजे गणित उघड होतं. दहा मुलं, दहाही पास झाली पाहिजेत. एक जरी घसरलं की बावीस वर्षांचा वर्ग गेला.

आता खरं सांगायचं तर पास करणं काही अवघड नव्हतं. जुनी परीक्षा होतीच. पाच निबंध, त्यातले तीन येणार, आणि कोणते तीन ते शेवटच्या तासाला सांगायचं. याला आख्ख्या शहरात 'इंपॉर्टंट देणं' म्हणतात. वर्षभर ओस पडलेला वर्ग त्या दिवशी दारापर्यंत भरतो. सरही इतकी वर्षं इंपॉर्टंट देत आले होते. मुलं पाठ करून लिहीत, पास होत, पेढे देत, आणि पेढे देतानासुद्धा हिंदीत बोलत.

पण ऑगस्टमध्ये एक भानगड झाली. विद्यापीठाच्या कार्यक्रमाला कुणी मराठी अधिकारी पाहुणे आले. विभागप्रमुख दुबेजींनी मोठ्या हौसेनं सरांचा जुना विद्यार्थी सौमित्र याला पुढं केलं. शंभरात एक्क्याऐंशी गुण घेतलेला मुलगा. पाहुण्यांनी कौतुकानं विचारलं, "काय रे, जेवलास का?" सौमित्र हसला, घामाघूम झाला आणि म्हणाला, "सर, हिंदी में बताऊँ?"

पाहुणे गेल्यावर दुबेजी एवढंच म्हणाले, "गजभियेजी, इक्यासी नंबर किस बात के दिए थे आपने?"

सरांच्या कानशिलाला जाळ लागला. रागवावं तरी कुणावर? माणूस बोलला ते खोटं होतं का? त्या संध्याकाळी त्यांनी ठरवलं, आता परीक्षा घ्यायची ती खरी घ्यायची. वर्ग राहिला तर मानानं राहील. भीक म्हणून नको.

आणि माणूस कामाला लागला की काय लागला! तीन महिने त्यांना दुसरं काही सुचेना. निबंध काढून टाकले. त्याऐवजी शेजाऱ्याला किल्ली कुठं ठेवली ते सांगणारी चिठ्ठी लिहायची. लग्नपत्रिका वाचून कोण कुणाचं कोण ते सांगायचं. बाजारातलं भांडण त्यांनी स्वतःच दोन आवाजांत बोलून रेकॉर्ड केलं. ते ऐकून उत्तरं द्यायची. आणि सगळ्यात अभिमानाची गोष्ट म्हणजे तोंडी परीक्षा. दहा कार्डं. प्रत्येकावर एक प्रसंग. समोर परीक्षक एक माणूस होणार, विद्यार्थी दुसरा, आणि दोघांनी पाच मिनिटं बोलायचं.

प्रसंग कुठले घ्यायचे यावर सरांनी फार विचार केला. पुण्याच्या पुस्तकातलं पोस्ट ऑफिस इथं काय कामाचं? जबलपुरात पोस्टात मराठी बोलतं कोण? इथं मराठी आहे ती घरात. मग प्रसंग घरातलेच. आजी दवाखान्यात यायला नाही म्हणते, तिला तयार करा. मामांकडं लग्नाला येता येत नाही, माफी मागा. विद्यार्थी वयानं लहान, तेव्हा कार्डावर तो नातू, ती भाची, तो मुलगा. झकास, असं स्वतःशीच म्हणून सरांनी मांडीवर थाप मारली.

एकदा वर्गात सरावही घेतला. तनयला नातवाचं कार्ड दिलं तर हा पठ्ठ्या आपला आजोबाच झाला. खोकून काय दाखवलं, "मायला, चष्मा कोठं ठेवला रे माहा" काय म्हणाला, वर्ग नुसता हसून लोळला. सर चिडले. दिलेलं काम सोडून भलताच वात्रटपणा! घरी जाऊन त्यांनी परीक्षकासाठीच्या नियमांच्या यादीत सहावा नियम घातला: विद्यार्थ्यानं कार्डावरची भूमिकाच करावी, भूमिका बदलल्यास तोंडीचे गुण शून्य. बाकीचे नियमही असेच पक्के होते. घरची बोली चालेल, तिला गुण कापायचे नाहीत. हिंदी वाक्याला गुण नाही. तोंडीत पन्नासपैकी वीस स्वतंत्र मिळालेच पाहिजेत. परीक्षक बाहेरचा असेल. नात्यातल्या विद्यार्थ्याच्या वेळी सर खोलीत थांबणार नाहीत. प्रत्येक परीक्षा परीक्षा विभागाच्या फोनवर रेकॉर्ड होईल आणि त्याच दिवशी जमा होईल, म्हणजे पुढं कुणी बोट दाखवायला नको.

समितीनं सगळं एका बैठकीत मंजूर केलं. दुबेजींनी उठून हात मिळवला. "ये हुई न बात, गजभियेजी!" आणि त्या दिवशी, बावीस वर्षांत पहिल्यांदा, शिपायानं सरांसाठी खुर्ची पुढं केली.

परीक्षेच्या दिवशी सकाळी राखी पोहे खाता खाता म्हणाली, "पापा, इंपॉर्टेंट तो बता दो."

"अवं, जन्मापासून घरात मराठी ऐकून राहिली तू. आनखी काय इंपॉर्टंट पाह्यजे तुले?"

"ठीक है, ठीक है," म्हणून ती हसली आणि ताट उचलून आत गेली. सरांना आपल्या सचोटीचं बरंच वाटलं. लेखी आठवड्यापूर्वी झाली होती आणि त्यात सगळे तरले होते. आता राहिली तोंडी.

नागपूरहून परीक्षक म्हणून क्षमा देशकर आल्या होत्या. पन्नाशीच्या, गोड बोलणाऱ्या, मायाळू बाई. कार्डं पालथी मांडली, ज्यानं त्यानं एक उचलायचं. पहिली आली अवंतिका, सराफ्यातली. कार्ड आजीचं. क्षमाताई आजी झाल्या आणि म्हणाल्या, "मी नाही जा येत दवाखान्यात. तिथं गेलं की माणूस जास्तच आजारी पडतो."

अवंतिकाला कळलं. इतकं कळलं की ती खुदकन हसली. मग तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "आजी... तू... चल ना." खिडकी. छत. "बरं वाटेल." पुन्हा खिडकी. पाच मिनिटांत अशी सहा-सात वाक्यं, एकेक विहिरीतून ओढून काढलेलं. क्षमाताईंनी हात सैल सोडून वीस दिले.

दुसरा तसाच. तिसरी तशीच. बोललेलं अक्षर न् अक्षर कळतंय आणि उत्तर म्हणून जीभ उचलत नाही. चौथ्या मुलाच्या वेळी सरांना एकदम उमगलं. बापरे! हे काय करून बसलो मी? या घरांमध्ये आजी मराठीत बोलते आणि नातू हिंदीत उत्तर देतो. मामा मराठीत रागावतो आणि भाची हिंदीत रुसते. दोघांनाही कळतं, जन्मभर संसार असाच चालतो, कुणाचं काही अडत नाही. आणि आपण दहाच्या दहा कार्डांवर नेमकी लहानांची बाजू लिहून ठेवली, जी या गावात कुणी कधी मराठीत बोललेलंच नाही! तनय त्या दिवशी आजोबा झाला तो वात्रटपणा नव्हता हो. पोरगं आपल्याला येतं ते बोलत होतं, आणि आपण त्याच्यावर नियम केला.

पण आता कळून काय उपयोग? कार्डं मंजूर झालेली, नियम छापलेले, फोन टेबलावर चालू. सर खुर्चीत बसल्या जागी प्रत्येक मुलाबरोबर मनात वाक्यं जुळवत राहिले. बोल रे बाबा, बोल. एकवीस. वीस. बावीस. वीस. दुपारी दोनपर्यंत नऊ जण झाले आणि नऊच्या नऊ, कसेबसे का होईना, काठाला लागले. राहिली एक राखी.

नियमाप्रमाणे सर उठून बाहेर गेले आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसले. दाराच्या वरच्या झडपेची काच कधीची फुटलेली, आतलं सगळं ऐकू येत होतं. आणि आत कोणतं कार्ड उरलंय हेही त्यांना ठाऊक होतं, कारण नऊ त्यांच्यासमोरच गेली होती. उरलेलं कार्ड असं: तुम्हाला परगावी नोकरी मिळाली आहे, वडील नको म्हणतात, त्यांची समजूत घाला.

ते कार्ड त्यांनी दिवाळीनंतर लिहिलं होतं. राखीला नागपूरच्या एका कंपनीनं निवडलं होतं, परीक्षा झाली की रुजू हो म्हणून. घरात आठवडाभर वाद चालला आणि शेवटी सर विषय बदलून मोकळे झाले. त्याच आठवड्यात एका कार्डाला प्रसंग कमी पडत होता. इतका खरा प्रसंग आयता हाताशी असताना दुसरा शोधायचा कशाला? नावगाव काढून त्यांनी तो कार्डावर टाकला, आणि वर त्याची भाषा चांगली साधली म्हणून खूषही झाले होते.

आत क्षमाताई वडील झाल्या. "काही गरज नाही जायची. इथं काय कमी आहे तुला?"

राखी गप्प.

"अगं, बोल की."

"मला... जायचं आहे."

"का पण?"

"क्योंकि... नाही, नाही. कारण..." आणि पुढं काहीच नाही. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तेवढी बाहेर येत होती. सरांनी बाकाची कड घट्ट धरली. दिवाळीत हीच पोरगी याच प्रश्नावर अर्धा अर्धा तास बोलली होती. पगार, अनुभव, मैत्रिणी, स्वतःचं आयुष्य, काय काय बोलली होती. सगळं हिंदीत, आणि ते आपल्याला चटाचट कळत होतं म्हणून भाषा आपल्या ध्यानातसुद्धा आली नव्हती.

पूर्ण मिनिट गेलं. मग क्षमाताईंना राहवेना. "बरं बाई, असं करू. तू वडील हो, मी मुलगी होते. जमेल?"

सर ताडकन उठले. सहावा नियम! दाराच्या कडीपर्यंत हात गेला आणि तिथंच थांबला. नात्यातल्या विद्यार्थ्याच्या वेळी आत यायचं नाही. तोही त्यांचाच नियम. आपलेच दात आणि आपलेच ओठ. आणि आत राखी बोलायला लागली होती.

"काहून जायचं नागपूरले? काय ठेवलं आहे तिथं? जबलपुरात काय नोकऱ्या संपल्या का? अन् राहशील कोठं? मावशीकडं? अवं, चार दिवस गोड लागते. पाचव्या दिवशी मावशीच म्हणते, गॅस लवकर संपून राहिला बाई यंदा."

क्षमाताईंना हसू फुटलं. "पण बाबा, मी आता काही लहान नाही."

"लहान नाही ते मले दिसून राहिलं. मोठी झाली म्हनूनच सांगून राहिलो. साधा ताप आला तं घर डोक्यावर घेते तू, तिथं डोक्यावर हात कोन ठेवन?" अडखळणं नाही, खिडकी नाही, छत नाही. मध्येच घसा खाकरायची सरांची सवय, तीही हुबेहूब. "तुही माय असती तं गोष्ट वेगळी होती. मी म्हटलं असतं, जा. पन आता घरात आहे कोन? तू गेली तं मी मराठी कोनाशी बोलू? भिंतीशी?"

सरांच्या हातून कडी सुटली. इतकं सुरेख, इतकं अस्सल मराठी त्यांनी बावीस वर्षांत कोणत्याही विद्यार्थ्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. त्याला गुण होते शून्य. पुढचं त्यांच्यानं ऐकवेना. ते व्हरांड्याच्या टोकाला गेले, नळ सोडला आणि तोंडावर पाणी मारत राहिले.

परत आले तेव्हा राखी खाली निघून गेली होती आणि क्षमाताई गुणपत्रक पुढं ठेवून बसल्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "सर, चूक माझी. मी नियम वाचला होता हो. पण पोरगी इतकी गप्प बसली, मला बघवेना. वडील म्हणून तिला पन्नासात पंचेचाळीस द्यायला हवेत. पण कार्ड मुलीचं आहे."

"तुमची चूक नाही, मॅडम. भूमिका बदलली नसती तं ती गप्पच बसली असती."

"काही करता येणार नाही का?"

सरांनी फोनकडं पाहिलं. परीक्षा विभागाचा माणूस तो न्यायला दारात येऊन उभाच होता. "नाही," सर म्हणाले.

"मग वर्ग?"

"गेला."

क्षमाताईंनी राखीच्या नावापुढं शून्य मांडलं. खाली परीक्षेचे संयोजक म्हणून सरांची सही लागत होती. त्यांनी खिशातून पेन काढलं, चष्मा पुसला आणि नेहमीच्या वळणदार अक्षरात सही केली. दारातला माणूस कागद आणि फोन घेऊन गेला.

राखी कँटीनपाशी दोन प्लेट समोसे घेऊन वाट पाहत होती. त्यांना बघताच उठली. तिचा चेहरा इतका फुललेला होता की सरांना तिच्याकडं पाहवेना.

"पापा! मैं कितना बोली, पता है? पूरा मराठी में! रुकी ही नहीं! मैडम तो हँस-हँस के... आपने सुना क्या बाहर से?"

"ऐकलं."

"अच्छी बोली ना?"

"लय चांगली बोलली."

ती समोसा मोडता मोडता जरा थांबली. "मैडम ने लास्ट में पूछा, मग बाबांनी मुलीला पाठवलं की नाही? मैंने कहा, वो तो मुझे भी नहीं पता. बाबा ने अभी तक बताया नहीं."

सर बाकावर बसले. प्लेट हातात तशीच. सांगायचं पुष्कळ होतं आणि ते कसं सांगायचं ते त्यांना सुचेना. मराठीत एम.ए., पहिला वर्ग, आणि एक धड वाक्य जुळेना. शेवटी म्हणाले, "जा."

"कहाँ?"

"नागपूरले. जा तू. मी म्हनून राहिलो."

हातातला समोसा तिनं खाली ठेवला. एकदम तिचे डोळे भरून आले, आणि ज्या गोष्टीसाठी तिनं दिवाळीभर भांडण केलं ती मिळाली तरी ती हसली नाही. बापाचा हात धरून म्हणाली, "और आप? आप मराठी किससे बोलोगे, पापा? बस क्लास में?"

वर्ग गेल्याचं तिला अजून सांगायचं होतं.